गेलिक डोंगरनावं: अर्थ, उच्चार आणि नोंदी — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये फिरायला येणारी मराठी मंडळी नकाशा उघडतात आणि पहिल्याच नावाशी अडखळतात. सह्याद्रीत पायाला वाट नसली तरी जिभेला नाव असतं. इथे उलटी गत. गेल्या काही वर्षांत मित्रांनी, त्यांच्या मुलांनी आणि एका ट्रेकमध्ये भेटलेल्या पुण्याच्या काकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

गेलिक म्हणजे इंग्रजीचीच एखादी बोली का?

नाही. ती केल्टिक कुळातली भाषा. आयरिश तिची सख्खी बहीण, वेल्श चुलत. इंग्रजीपेक्षा वेगळं व्याकरण, वेगळे शब्द, वेगळी वाक्यरचना. क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं. स्वतःच्या भाषेला तिथले लोक 'गालिक' म्हणतात, आणि स्कॉटलंडमध्ये इंग्रजीत बोलतानाही 'गॅलिक'च म्हणतात. मराठीत 'गेलिक' रुळलं आहे, म्हणून इथे तेच ठेवलं.

२०२२च्या जनगणनेत गेलिक थोडीफार तरी येणारे सुमारे १,३०,००० लोक नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्के. बोलू शकणारे ७०,०००च्या आसपास. पण डोंगराळ भागाचा नकाशा पाहिला तर टक्केवारी पार उलटी होते: ओढा, कडा, खिंड, पठार, जवळजवळ सगळं गेलिकमध्ये.

आपल्याशी दूरचं नातंही आहे. 'त्री' म्हणजे तीन, 'जेख' म्हणजे दहा. 'रुअ', म्हणजे तांबूस, हा शब्द आणि संस्कृतातला 'रुधिर' एकाच मुळाचे. गाईला 'बो' म्हणतात आणि तो आपल्या 'गो'चा भाऊ आहे. ॲपलक्रॉसला जाणारा, ६२६ मीटरपर्यंत चढणारा प्रसिद्ध घाट आहे 'ब्यालख न बा'. शब्दशः गाईंची खिंड. गुरं बाजाराला नेण्याची ती जुनी वाट.

डोंगराला एवढे शब्द कशाला? 'बेन' पुरला नसता का?

आपल्याला तरी कुठे एक पुरतो? डोंगर, टेकडी, टेकाड, सुळका, कडा, धार, सोंड, पठार. ज्याला डोंगरातून गुरं न्यायची आहेत त्याला 'माउंटन' या एका शब्दाचा काहीच उपयोग नाही.

'बेन' हा मोठ्या डोंगराचा सर्वसाधारण शब्द. 'स्कूर' म्हणजे टोकदार, खडकाळ शिखर. स्काय बेटावर आणि पश्चिम किनाऱ्यालगत हे जास्त. 'स्टॉप' म्हणजे खुंट. 'म्यौल' म्हणजे गोलसर ढिगारा, ज्यावर चढताना कंटाळा येतो पण पाय घसरत नाही. 'कार्न' दगडांची रास. 'क्रेक' म्हणजे कडा. 'मूल' म्हणजे टक्कल, आणि नावात मूल असेल तर माथा खरोखरच बोडका निघतो. 'क्रुअख' म्हणजे कडब्याची किंवा गवताची गंजी रचतात तसा आकार. बेन क्रुअखन हा १,१२६ मीटरचा डोंगर त्यातूनच आला. 'द्रुइम' म्हणजे पाठ, जनावराची पाठ, म्हणजे आपली धार. 'ब्यालख' आणि 'लारिक' दोन्ही खिंडीसाठी.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'कॉरे'. हिमनदीनं डोंगराच्या कुशीत कोरलेली, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली खोलगट जागा. गेलिकमध्ये कॉरे म्हणजे मोठं भांडं, कढई. गुऱ्हाळावरची काहील डोळ्यांसमोर आणा, तिची एक कड फोडा, की कॉरे तयार. इंग्रजीतला 'कॉरी' हा भूगोलाचा शब्द इथूनच उचललेला आहे.

म्हणून नावाचा पहिला शब्द हा फुकटचा हवामान अंदाज समजा. म्यौल असेल तर धुक्यातही होकायंत्रावर चालता येईल. स्कूर असेल तर दोर घेतला का ते तपासा. (अपवाद भरपूर आहेत. एक 'म्यौल' मला चांगलाच महागात पडला होता.)

'बी'पुढे 'एच' असेल तर 'भ' म्हणायचा ना?

मराठी माणसाची हमखास चूक ही, आणि ती हुशारीतूनच होते. आपण रोमन लिपीत भारत, धरण, थाळी, खेड असं लिहिताना महाप्राणासाठी 'एच' लावतो. गेलिकमध्ये 'एच'चं काम निराळं: आधीचं व्यंजन मऊ झालं आहे, एवढंच तो सांगतो.

'बी-एच' आणि 'एम-एच' दोन्ही साधारण 'व'. 'टी-एच' आणि 'एस-एच' म्हणजे 'ह'. 'पी-एच' म्हणजे 'फ', इंग्रजीसारखाच. 'सी-एच' म्हणजे घशात घासणारा ख, उर्दूतल्या 'ख़बर'मधला. चहाचा च कधीच नाही. 'डी-एच' आणि 'जी-एच' म्हणजे गुळण्या करताना निघतो तसा ग, आणि पुढे इ-ए असेल तर सरळ 'य'. 'एफ-एच' तर बहुतेक वेळा गप्पच बसतो. ॲपलक्रॉसचा ८९६ मीटरचा डोंगर लेखनात 'बेन भान' दिसतो. म्हणायचा 'बेन वान'.

इंग्रजीनं काही नावं कानानं ऐकून लिहिली, तिथे हे उघड दिसतं. पिटलॉक्रीजवळच्या बेन व्रॅकीमधला 'व्र' म्हणजे गेलिक 'ब्रेक', अर्थात कबरा, मऊ होऊन झालेला. तर बेन मोरमध्ये इंग्रजीनं मऊपणा गाळून टाकला. खरा उच्चार 'बेन वोर', थोरला डोंगर. मोराशी काही संबंध नाही; हाही प्रश्न आला होता.

आणखी एक खूण आपल्या कानाला लगेच पटेल. गेलिक माणूस 'गोर्म' न म्हणता 'गोरोम' म्हणतो, 'जेर्क' न म्हणता 'जेरेक'. र आणि पुढच्या व्यंजनाच्या मध्ये एक स्वर घुसवतो. आपल्याकडे कर्माचं करम आणि धर्माचं धरम होतं तसंच. इंग्रजी पाहुण्यांना हे शिकवावं लागतं, आपल्याला नाही.

मग एकच शब्द नकाशावर दोन-तीन रूपांत का दिसतो?

कारण गेलिकलाही सामान्यरूप आहे म्हणा ना. 'घर' हा शब्द 'घराचा' होताना बदलतो हे आपण विचार न करता करतो. गेलिकमध्ये हा बदल शब्दाच्या शेवटी होतो, कधी पोटात होतो आणि कधी, इथेच गंमत आहे, शब्दाच्या तोंडाशी होतो.

'बेन' स्त्रीलिंगी. म्हणून तिच्यामागचं विशेषण मऊ पडतं: मोरचं वोर, बानचं वान. 'म्यौल' पुल्लिंगी, म्हणून म्यौल मोर. मग बेन जेरेक, लाल डोंगर, का मऊ होत नाही? बेनच्या शेवटचा न आणि पुढचा द (जेरेकचा ज लेखनात द असतो) एकाच जागी उच्चारले जातात, तिथे मऊपणा अडतो. 'न', 'नन', 'नम' असे छोटे शब्द दिसले की ते आपले चा-ची-चे. स्कूर नन गिल्यन म्हणजे तरुणांचं शिखर. काही अभ्यासक तिथे नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेतला घळीचा शब्द पाहतात, आणि त्या शिखराच्या घळी पाहिल्यावर मलाही तेच खरं वाटतं.

केर्नगॉर्म या डोंगराच्या पोटात बर्फावर चढणाऱ्यांची आवडती एक कॉरे आहे, हिमाची काहील. 'श्न्याख्क' म्हणजे हिम. पण नावात त्याच्या आधी एक 'त' येतो आणि 'श'ला गिळून टाकतो. लिहिलेलं सगळं असतं, ऐकू मात्र 'त्र्याख्क'सारखं येतं. गिर्यारोहक हे सगळं सोडून 'श्नेक्टा' म्हणतात. त्यांना माफ करून टाका.

रंगांचे अर्थ शब्दकोशात पाहिले तरी जुळत नाहीत. काय चुकतं?

शब्दकोश इंग्रजी रंगपेटीतून रंग देतो, आणि गेलिकची पेटी वेगळी भरलेली आहे.

केर्नगॉर्म, १,२४५ मीटर. 'गोरोम' म्हणजे निळा असं सगळे सांगतात, आणि दुरून तो निळसर दिसतोही. पण हिरव्यागार गवतालाही गेलिकमध्ये गोरोमच म्हणतात. 'ग्लास' हा राखी आणि हिरवा यांच्या मधला: पावसाळी आभाळ, कोवळं गवत, ओला दगड. 'ऊअन्ये' हा उठावदार हिरवा. केर्नगॉर्म्समध्ये लोखन ऊअन्ये, हिरवं तळं, या नावाची तळी एकाहून जास्त आहेत. रायव्होनच्या खिंडीतल्या तळ्याचं पाणी हिरवं का, तर पऱ्या त्यात कपडे धुतात म्हणून.

पांढऱ्याचेही प्रकार: 'ग्याल' लख्ख, 'बान' फिकट, गोरेपणाकडे झुकणारा. लालचे दोन: 'जेरेक' भडक, 'रुअ' हरणाच्या अंगासारखा तांबूस. 'लीअ' म्हणजे पिकलेल्या केसांचा करडा. टॉरिडनचा लीअहख हा १,०५५ मीटरचा रांगडा डोंगर म्हणजे 'करडा'. 'ओअर' मातकट, 'रीअवख' पट्ट्यापट्ट्यांचा, 'ब्रेक' कबरा. हे शेवटचे तिन्ही शब्द गुरांच्या अंगालाही लावतात. शेतकरी बैलाला ढवळ्या-पवळ्या म्हणतो त्याच नजरेनं गेलिक गुराखी डोंगराकडे पाहत होता.

आता गंमत पाहा. ज्या पर्वतसमूहाला जग केर्नगॉर्म्स म्हणतं त्याचं गेलिक नाव 'अम मोनग रुअ', तांबूस डोंगर. तिथला ग्रॅनाइट जवळून गुलाबी-तांबडाच आहे. स्पे नदीपलीकडच्या रांगेला 'अम मोनग लीअ', करडे डोंगर. एकीकडे तांबडे, एकीकडे करडे, मध्ये नदी: खोऱ्यात राहणाऱ्याच्या अंगणातून दिसणारी ही जोडी. बाहेरच्यांनी एका शिखराचं नाव अख्ख्या रांगेला चिकटवलं आणि तांबडे डोंगर निळे झाले. राष्ट्रीय उद्यानाच्या गेलिक नावात मात्र 'रुअ' अजून आहे.

डोंगरांना शरीराच्या अवयवांची नावं खरंच आहेत?

भरपूर. 'स्त्रोन' म्हणजे नाक. आपण जिला डोंगराची सोंड म्हणतो तिला ते नाक म्हणतात. 'द्रुइम' पाठ, 'कौन' डोकं. 'कीख' म्हणजे स्तन, आणि ग्लेन्को गावामागच्या स्कोर न कीखे या टेकाडाचं इंग्रजी भाषांतरही तसंच सरळ झालं आहे.

सगळीच भाषांतरं सरळ झाली नाहीत. लारिग ग्रू या लांबलचक खिंडीच्या दक्षिण टोकाला १,००४ मीटरचं एक शिखर आहे. इंग्रजी नकाशात 'डेव्हिल्स पॉइंट', सैतानाचं टोक. गेलिक नाव 'बोत अन ज्याउन', आणि 'बोत' म्हणजे पुरुषाचं लिंग. व्हिक्टोरिया राणीनं या नावाचा अर्थ विचारला तेव्हा तिचा सेवक जॉन ब्राऊन यानं संकोचून 'पॉइंट'वर भागवलं, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकाच ती, पण व्हिक्टोरियन काळात नावं सोवळी कशी झाली ते तिच्यातून नेमकं कळतं.

सगळी नावं गेलिकच आहेत का?

बहुतेक, पण थर आहेत. पश्चिम बेटांवर आधी व्हायकिंग राहिले. रम बेटावरची ॲस्किव्हल, हॅलिव्हल, ट्रोलाव्हल ही शिखरं घ्या: शेवटचा 'व्हल' म्हणजे नॉर्स भाषेतला डोंगर. सुइलव्हेनमध्ये पुढचा भाग नॉर्स 'खांब', मागचा गेलिक 'बेन', आणि समुद्रावरून पाहिलं तर तो खांबच. खलाशानं अर्धं नाव दिलं, गुराख्यानं उरलेलं.

पूर्वेकडे गेलिकच्याही आधीच्या लोकांच्या खुणा. शीहालियन या १,०८३ मीटरच्या डोंगराचं नाव 'कॅलेडोनियन लोकांची परीटेकडी' असं उलगडतं. म्हणजे रोमन काळातल्या एका जमातीचं नाव त्या माथ्यावर अजून बसून आहे. १७७४ साली खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइननं याच डोंगराच्या ओढीनं ओळंबा किती कलतो ते मोजून पृथ्वीची घनता काढण्याचा खटाटोप केला, आणि ती आकडेमोड करताना गणितज्ञ चार्ल्स हटननं समान उंचीचे बिंदू रेषेनं जोडले. आज आपल्या प्रत्येक ट्रेकिंग नकाशावर दिसणाऱ्या समोच्च रेषांच्या जन्मकथेतला हा एक मोठा टप्पा.

ही नावं नकाशावर आली कशी? कुणी लिहून घेतली?

सुरुवात टिमथी पाँट या तरुणापासून. १५८०-९०च्या दशकांत तो जवळजवळ सगळा स्कॉटलंड फिरला, नकाशे रेखाटले, नावं टिपली. त्याच्या कामाच्या आधारावर ॲम्स्टरडॅमच्या ब्लाऊ या नकाशाकारानं १६५४ साली स्कॉटलंडचा ॲटलास छापला. मग १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडर्सचा पाडाव झाल्यावर सैन्याला वाटा समजून घ्यायच्या होत्या, म्हणून विल्यम रॉयनं १७४७ ते १७५५ लष्करी नकाशा केला. त्यातली नावं कानावर पडली तशी लिहिलेली आहेत, आणि कान इंग्रजी बोलणाऱ्यांचे होते.

आजचा नकाशा उभा आहे तो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या मोजणीवर. मैलाला सहा इंच या प्रमाणात स्कॉटलंडची मोजणी १८४०च्या दशकात सुरू झाली. मुख्य भूमीवरच्या हायलँड्सचा बराचसा भाग १८६० आणि १८७०च्या दशकांत उरकला. मोजणीदारांबरोबर 'नेम बुक' असे, नावांची वही. प्रत्येक नावाला रकाने: नकाशावर जाणार ते लेखन, लोक करतात ती वेगवेगळी लेखनं, ते कुणी सांगितलं, जागा कुठे, आणि वर्णन. कधी अर्थही.

तिसरा रकाना सगळ्यात बोलका. तिथे साक्षीदारांची नावं आहेत आणि साक्षीदारांना उतरंड होती. जमीनमालक, त्याचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर यांचा शब्द वजनदार. लहान शेतकरी आणि झोपडीत राहणारा यांच्यावर विसंबू नये, अशा अर्थाच्या सूचना मोजणीदारांना होत्या. म्हणजे जो त्या ओढ्यावर रोज गुरं पाजायचा त्याच्यापेक्षा वर्षातून एकदा शिकारीला येणाऱ्या मालकाचं लेखन खरं. वह्या वाचताना मात्र दिसतं की अडल्यावर मोजणीदार मेंढपाळाकडेच जात होते. वरच्या कॉरेतल्या घळीचं नाव पाद्र्याला कुठून माहीत असणार?

या वह्यांची पानं आता डिजिटल झाली आहेत. पावसाळी रविवारी एखादं पान उघडून पाहा. अक्षर सुरेख आहे आणि खाडाखोड त्याहून वाचनीय.

(जाता जाता: भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी हा लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेचा, म्हणजे ऐन गेलिक मुलखातला.)

म्हणजे इंग्रजांनी नावं बिघडवली असं म्हणायचं का?

अर्धवट. आयर्लंडमध्ये नकाशासाठी नावांचं इंग्रजीकरण केलं गेलं. तिथे जॉन ओ'डोनव्हनसारखा जाणकार मूळ आयरिश रूपं शोधत होता तरी छापताना इंग्रजी वळण दिलं जाई. स्कॉटलंडच्या डोंगरांत उलट, छोट्या नावांना बहुतांशी गेलिक लेखनच ठेवलं. चुका झाल्या, व्याकरण डळमळलं, पण नाव ओळखता येतं. बिघडली ती मोठी, प्रसिद्ध नावं, कारण ती आधीच इंग्रजी कागदपत्रांत घोटली गेली होती.

ग्लेन्कोचं बीज्यन नम बीअन घ्या, १,१५० मीटर. आजच्या लेखनानुसार 'कातड्यांचं शिखर', आणि त्यावरून शिकारीच्या कथा. पण मुळात शेवटचा शब्द 'डोंगरांचं' असावा असं बऱ्याच जणांना वाटतं. आजूबाजूच्या गर्दीतलं सगळ्यात उंच ते, म्हणून अर्थही बसतो. एका स्वरानं शिखराचा व्यवसाय बदलला.

माझ्या मते खरं नुकसान लेखनात झालंच नाही. ते माणसं उठवल्यामुळे झालं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी रिकामी केली गेली. १८७२च्या शिक्षण कायद्यानं शाळा सक्तीच्या केल्या आणि गेलिकला त्यात जागाच ठेवली नाही. नाव नकाशावर राहिलं, हाक मारणारं कुणी राहिलं नाही.

ग्लेन्को म्हणजे 'अश्रूंची दरी' ना?

नाही. १३ फेब्रुवारी १६९२च्या पहाटे तिथे मॅक्डॉनल्ड कुळातल्या ३८ जणांची पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी कत्तल केली, आणि त्यानंतर ही व्युत्पत्ती पर्यटकांच्या फार पसंतीची झाली. नाव कत्तलीच्या कितीतरी आधीचं आहे, खोऱ्यातल्या नदीवरून आलेलं. तिथेच वर 'कॉरे गावल' आहे, पकडून आणलेल्याची काहील. चोरून आणलेली गुरं लपवायची जागा. ती कथा खरी असण्याची शक्यता जास्त, आणि ऐकायलाही बरी.

बेन नेव्हिसचा अर्थ काय?

१,३४५ मीटर, ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर, आणि नाव धुक्यात. 'विषारी, दुष्ट' या अर्थाच्या जुन्या शब्दाकडे अभ्यासकांचा कल आहे. 'आकाश' किंवा 'ढग' हाही अर्थ सांगतात. बहुधा नाव आधी नदीचं, मग दरीचं, शेवटी डोंगराचं. पावसात एकदा चढून आलात की दुष्टपणाच्या बाजूनं मत द्याल.

माणसांची नावं दिलेली शिखरं आहेत का?

जुनी फार थोडी. लोक डोंगराला त्याच्या रूपावरून हाक मारत. स्काय बेटाच्या कुलिन रांगेत मात्र गिर्यारोहणाच्या काळात काही नावं चढली. ९९२ मीटरचं स्कूर अलास्टर हे अलेक्झांडर (गेलिकमध्ये अलास्टर) निकलसन यांच्यावरून. १८७३ साली त्यांनी ते सर केलं. ते स्वतः स्कायचे आणि गेलिक भाषक. त्याआधी लोक त्या शिखराला 'स्कूर बिरख', टोकदार शिखर, म्हणत असं सांगतात. शेजारचं स्कूर विख खोन्यिख हे वाटाड्या जॉन मॅकेन्झी याच्या नावाचं. मालकाऐवजी वाटाड्याचं नाव शिखराला लागलं, हे मला फार आवडतं. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला हे भाग्य नाही. तिथे गव्हर्नरच बसला, आणि तोही स्कॉटिशच.

मन्रो म्हणजे काय? त्यांचा नावांशी काय संबंध?

३,००० फुटांवरचं स्कॉटिश शिखर म्हणजे मन्रो. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली पहिली यादी छापली. आज यादीत २८२ आहेत आणि ती संपवणं हे हजारोंचं वेड आहे. या वेडानं गेलिक नावं जगभर पोचवली हे खरं. पण यादी माथेच मोजते, आणि गेलिकचा जीव माथ्यावर नव्हताच. माथ्यावर गुरं चरत नाहीत. नावांची दाटी खाली सापडेल: ओढे, उतार, दलदलीतली कोरडी जागा, आणि 'आरी', म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन बायका-मुलं वर राहायला जात त्या खोपटांच्या जागा. माथा गाठून परतताना नकाशावरची बारीक अक्षरं वाचत उतरा.

नावांवरून जुना निसर्ग कळतो का?

सावधपणे वाचलं तर. झाड नसलेल्या उतारावर पाईनचं, बर्चचं किंवा रोवनचं नाव असेल तर तिथे कधीतरी ते होतं असं धरायला हरकत नाही. 'क्रेक न हिअल्यर्ये', गरुडाचा कडा, अशी नावं ठिकठिकाणी आहेत आणि पक्षिनिरीक्षक ती गांभीर्यानं घेतात. किलिनजवळच्या म्यौल नन तारमखन या डोंगरावरचा 'तारमखन' म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा रानकोंबडा. हाच शब्द 'टार्मिगन' होऊन इंग्रजीत गेला आणि तो ग्रीक असावा अशा समजुतीनं कुणीतरी पुढे एक मूक 'पी' जोडला. अजून तो तिथेच आहे, काही काम न करता.

आज या नोंदी कोण ठेवतं?

अधिकृत रूप ठरवून देण्याचं काम 'आन्म्येन-आह्च न हालपा' ही संस्था करते. नावाचा अर्थच 'स्कॉटलंडची स्थळनामं'. तिचं ठाणं स्काय बेटावरच्या सावल मोर ओस्टिक या गेलिक महाविद्यालयात. नावं आणि त्यांचे उच्चार तिच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एडिनबरा विद्यापीठात १९५१ साली स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजनं जुन्या लोकांचे आवाज टेपवर घेतले. त्यातलं पुष्कळसं 'टोपर अन दूअलखिश' या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं.

पण मला सगळ्यात थोर वाटतं ते अपर डीसाइडचं काम. निसर्गशास्त्रज्ञ ॲडम वॉटसन आणि एलिझाबेथ ॲलन यांनी डी नदीच्या वरच्या खोऱ्यातली सुमारे ७,००० नावं गोळा केली, स्थानिक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून, उच्चारासकट. ते पुस्तक १९८४ साली आलं. त्या खोऱ्याची बोली जन्मापासून बोलणारी शेवटची व्यक्तीही १९८४ सालीच गेली.

दोन नकाशांत एकाच नावावरच्या मात्रा वेगळ्या का?

दीर्घ स्वराची खूण पूर्वी दोन तऱ्हांनी, डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेली, लिहीत. १९८१च्या लेखननियमांनी एकच ठेवली. जुना नकाशा चुकीचा नाही, फक्त जुना आहे.

ट्रेकमध्ये एखाद्या स्थानिकाकडून नकाशावर नसलेलं नाव कळलं तर काय करू?

आधी आवाज टिपा, विचारून. लेखन नंतर. सांगणाऱ्याला दोनदा म्हणायला लावा, एकदा सुटं आणि एकदा वाक्यात, कारण वाक्यात नाव वेगळं घडतं. जागा बोटानं दाखवायला सांगा आणि नकाशावरचा ग्रिड संदर्भ, म्हणजे चौकटींच्या रेषांवरून जागा सांगणारे आकडे, लिहा. 'त्या ओढ्यापलीकडे' हे सहा महिन्यांनी निरुपयोगी होतं. अर्थ तुम्ही सुचवू नका. 'हे गरुडावरून आलं का?' असं विचारलंत की समोरचा माणूस सौजन्यानं हो म्हणेल आणि नवी व्युत्पत्ती जन्माला येईल. त्यांनी हे नाव कुणाकडून ऐकलं, आजीकडून की शिकाऱ्याकडून, तेही लिहा. अर्थ माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. जुने सहा इंची नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर आजच्या नकाशावर पांघरून पाहता येतात. नाव तिथे आधीच असण्याची शक्यता बरीच.

ही नावं देवनागरीत लिहावीत कशी?

उच्चारावरून, लेखनावरून मुळीच नको, नाहीतर वानचं भान होणार. या पानावर मी तेच केलं आहे, पण ढोबळपणे. गेलिकचे काही न आणि ल आपल्याकडे नाहीत, आणि बोली खोऱ्याखोऱ्याला बदलते. केर्नगॉर्म, ग्लेन्को, बेन नेव्हिस अशी रुळलेली इंग्रजी रूपं मात्र तशीच ठेवा. हट्टानं गेलिक करायला गेलात तर मराठी वाचक हरवेल.

उच्चार चुकला तर लोक रागावतात का? आणि संकटात नाव सांगता आलं नाही तर?

रागावत नाहीत. प्रयत्न केलात तर खूष होतात, दुरुस्त करतात, आणि मग अर्धा तास सोडत नाहीत. रॅनॉक मूरवरून येताना दिसणाऱ्या त्या त्रिकोणी डोंगराला, 'बुअखिल्ये एच मोर'ला, बरेच गिर्यारोहक नुसतं 'द बूकल' म्हणतात. 'बुअखिल्ये' म्हणजे गुराखी, आणि त्यातला 'बु' आपला 'गो'च. एटिव्हच्या दरीचा थोरला गोपाळ.

संकटात नावावर विसंबूच नका, उच्चार कितीही शुद्ध असला तरी. बेन जेरेक नावाचे मन्रो दोन आहेत, ग्याल खार्न नावाचे चार, आणि छोट्या टेकड्या धरल्या तर मोजदाद सोडा. ९९९ हा तिथला आपत्कालीन क्रमांक फिरवा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, आणि ग्रिड संदर्भ सांगा. तो कागदावर लिहून खिशात ठेवा. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते.